दोन पायांवर पेललेला भार: सेंटिनल वॉकरचे रूपांतर आणि रंगकाम

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत रणगाड्याच्या वजनाविषयी कुणाला शंका येत नाही, कारण त्याचे पट्टे लांबीभर जमिनीला टेकलेले असतात. दोन पायांवर चालणाऱ्या यंत्राचे तसे नसते. त्याचा सारा भार दोन पावलांवर, आणि चालताना तर एकाच पावलावर आलेला असतो. हा भार पाहणाऱ्याला जाणवला नाही, तर कितीही सुबक रंगवलेला वॉकर, म्हणजे असे चालणारे यंत्र, बैठकीवर (मॉडेलखालच्या तबकडीवर) चिकटवलेल्या खेळण्यासारखा दिसतो. म्हणून या लेखात पाय कापण्यापासून शेवटच्या चिखलापर्यंत प्रत्येक पायरीला एकच कसोटी लावली आहे: यंत्राचे वजन कोठे पडते, आणि आपण केलेला बदल त्या वजनाशी जुळतो का?

उदाहरण म्हणून ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळातला सेंटिनल घेतला आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे मुख्यालय असलेल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने हा खेळ १९८७ साली प्रथम प्रसिद्ध केला. त्यातील ॲस्ट्रा मिलिटारम या सैन्याचे टेहळणीचे हलके यंत्र म्हणजे सेंटिनल. पक्ष्यासारखे मागे वाकणारे दोन पाय, त्यांवर एका चालकाचा कक्ष आणि कक्षाला जोडलेले एक जड शस्त्र, एवढाच त्याचा पसारा असतो. रूपांतर शिकण्यासाठी याहून चांगला नमुना मला माहीत नाही, कारण भाग कमी आहेत, सांधे उघडे आहेत आणि चूक झाकायला जागा नाही. येथे सांगितलेली पद्धत याच खेळातल्या ऑर्क सैन्याच्या किला कान या चालत्या यंत्राला किंवा ‘बॅटलटेक’ या दुसऱ्या खेळातील यंत्रांनाही थोड्या फरकाने लागू पडते.

आपण जे रूपांतर करणार आहोत ते असे: उघड्या कक्षाचा सेंटिनल घेऊन त्याचे दलदलीच्या प्रदेशात गस्त घालणारे, बंद कक्षाचे यंत्र करायचे, आणि ते पाऊल उचलताना दाखवायचे. मऊ जमीन म्हटली की पावले रुंद हवीत. पुढे चिलखत वाढले की मागे तोल राखणारे काही तरी हवे, म्हणून पाठीवर विंच, म्हणजे दोरखंड गुंडाळून ओढणारे रहाट, आणि इंधनाचे डबे येतील. अशा रीतीने एक बदल दुसऱ्याला जन्म देतो. केवळ शोभेसाठी लावलेले सुटे भाग आणि विचारपूर्वक केलेले रूपांतर यांतला फरक येथेच असतो.

करवत हाती घेण्याआधी

खेळाच्या दृष्टीने तीन गोष्टी आधी तपासाव्यात. पहिली म्हणजे शस्त्र. लेसकॅनन, ऑटोकॅनन, मिसाइल लाँचर यांपैकी जे शस्त्र आपल्या सैन्याच्या यादीत लिहिणार ते प्रतिस्पर्ध्याला टेबलापलीकडून ओळखू आले पाहिजे. म्हणून शस्त्राच्या नळीचा मूळ आकार शक्यतो बदलू नये. दुसरी गोष्ट उंची. या खेळात दृष्टिरेषा, म्हणजे कोणाला कोण दिसते हे, टेबलावरच्या प्रत्यक्ष प्रतिमेवरून (छोट्या मॉडेलवरून) पाहिले जाते, त्यामुळे यंत्र मुद्दाम बुटके केल्यास तो अन्याय्य फायदा ठरतो. तिसरी गोष्ट बैठक: संचात येते तीच गोल बैठक ठेवावी. स्पर्धेत उतरायचे असेल, तर अन्य कंपन्यांचे भाग चालतात का, हे आयोजकांना आधी विचारून घ्यावे.

यानंतर प्रमाणाचा विचार करावा. या खेळातल्या मानवी प्रतिमा साधारण २८ मिमीच्या, म्हणजे अंदाजे १/५६ प्रमाणाच्या असतात; मात्र त्यांची डोकी आणि हात वाजवीपेक्षा मोठे घडवलेले असतात. प्रत्यक्षात ६० सेंमी रुंद असलेले झाकण १/५६ प्रमाणात सुमारे ११ मिमी होते, पण अशा धिप्पाड चालकासाठी ते १२ ते १३ मिमी केलेले शोभते. चढण्याच्या पायऱ्यांमधले अंतर ५ ते ७ मिमी असावे. पायऱ्या, कड्या आणि झाकण हे तीन भाग बरोबर मापाचे असले की यंत्राचा आकार पाहणाऱ्याच्या मनात आपोआप ठरतो.

सुटे भाग गोळा करतानाही हेच गणित कामी येते. १/४८ प्रमाणाच्या लष्करी संचांतले डबे, दोर आणि अवजारे येथे चपखल बसतात. १/३५ मधील साधे डबे चालतात, पण दारे आणि आसने फार मोठी दिसतात. भारतात आता सहज मिळू लागलेले बांदाई कंपनीचे गुंडम या काल्पनिक रोबोंचे संचही उपयोगी आहेत. १८ मीटर उंचीचा रोबो १/१४४ प्रमाणात साडेबारा सेंमीचा होतो, त्यामुळे त्याच्या घोट्यांचे आणि गुडघ्यांचे भाग सेंटिनलच्या सांध्यांजवळ वापरता येतात.

साहित्य

बारीक दातांची करवत, टोकदार पात्याचा मॉडेलिंग चाकू, हाताने फिरवायचे छोटे ड्रिल आणि १ मिमीचे पाते, कानशी, ४०० ते ८०० नंबरचा पॉलिश पेपर आणि कटिंग मॅट एवढी हत्यारे पुरतात. डिंक दोन प्रकारचे लागतात. प्लास्टिक सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करते. म्हणून भार घेणारा प्लास्टिकचा प्रत्येक सांधा त्यानेच जोडावा. धातू, रेझिन किंवा पिन यांसाठी फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेट डिंक वापरावा. हा डिंक हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे पावसाळ्यात तो अपेक्षेहून लवकर धरतो आणि बंद जागेत आजूबाजूला पांढरी भुकटी सोडतो. कक्षाच्या आतल्या बाजूला तो अगदी थोडा लावावा.

भरावासाठी दोन घटकांची इपॉक्सी पुटी लागते. ग्रीन स्टफ लवचीक राहते, म्हणून नळ्या, कापड आणि रबरी आवरणे यांसाठी ती उत्तम. तिची निळी पट्टी जास्त घेतली तर पुटी कडक होते, पिवळी जास्त घेतली तर मऊ आणि चिकट राहते. मिलिपुट ही दुसरी पुटी घासून गुळगुळीत करता येते. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे एम-सील लवकर आणि कडक घट्ट होते. त्यात बारीक कोरीवकाम होत नाही, पण आतून आधार द्यायला आणि बैठकीवर उंचवटे करायला ते पुरेसे आहे. या सर्व पुट्या हातमोजे घालून मळाव्यात.

चिलखतासाठी ०.५ मिमी आणि १ मिमी जाडीचा स्टायरीनचा पत्रा, म्हणजे प्लास्टिकार्ड, हवा. सनबोर्ड, म्हणजे फेसाळ प्लास्टिकचा फलक, स्वस्त असतो, परंतु त्याच्या कापलेल्या कडेवर फेसाची छिद्रे दिसतात, त्यामुळे तो बाहेरच्या पत्र्यासाठी वापरू नये. संचाचे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची उरलेली चौकट कधीही फेकू नये. तिचे बारीक तुकडे थोड्या प्लास्टिक सिमेंटमध्ये विरघळवून ठेवले की फटी भरण्याचा उत्तम लगदा तयार होतो, आणि तो वाळल्यावर आजूबाजूच्या प्लास्टिकइतकाच कडक होतो.

पायाची रचना समजून घेणे

सेंटिनलच्या पायाचा मधला सांधा मागे वाकतो, म्हणून त्याला उलटा गुडघा म्हणण्याची पद्धत आहे. पक्ष्याच्या शरीरात मात्र तो सांधा गुडघा नसून घोटा असतो. खरा गुडघा वर, मांडीजवळ पिसांखाली लपलेला असतो, आणि आपल्याला दिसणारे खालचे लांब हाड हे वस्तुतः पाऊल असते. हे समजले की कोन ठरवणे सोपे जाते. पक्षी पाऊल उचलतो तेव्हा मागचा सांधा अधिक मिटतो, बोटे सैल होऊन खाली लोंबतात, आणि पाऊल पुढे टेकण्याच्या वेळी पुन्हा उघडतात. भातखाचरात सावज शोधणाऱ्या बगळ्याला दहा मिनिटे शांतपणे पाहिले, किंवा त्याचे चलचित्र सावकाश चालवून पाहिले, तर वॉकरसाठी लागणाऱ्या बहुतेक पवित्र्यांची टिपणे मिळतात.

लक्षात ठेवण्याची बाब आणखी एक आहे. एक पाय उचलला की धड जागच्या जागी राहू शकत नाही. त्याला टेकलेल्या पायाच्या बाजूला सरकावे लागते. वॉकरच्या अनेक रूपांतरांत पाय सुरेख उचललेला असतो, पण कक्ष मात्र दोन्ही पायांच्या बरोबर मध्ये तरंगत राहतो. नेमके काय चुकले हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण डोळ्याला ते खटकते. येथे गवंड्याचा ओळंबा वापरावा. शिवणाच्या दोऱ्याला छोटा नट बांधून तो कक्षाच्या मध्यापासून खाली सोडावा. यंत्र संथ चालीत असेल, तर समोरून पाहता दोरा टेकलेल्या पावलाच्या रुंदीच्या आत आला पाहिजे. बाजूने पाहता तो त्या पावलाच्या लांबीच्या आत, किंचित पुढच्या अंगाला असावा. यंत्र धावत असेल तर दोरा पावलाच्या पुढे पडला तरी चालेल, कारण धावणे म्हणजे पुढे पडत जाणे आणि प्रत्येक पावलाने ते सावरणे होय. गस्तीच्या यंत्राला संथ चाल अधिक शोभते, म्हणून आपण तीच ठेवू.

पाय कापणे आणि पुन्हा उभे करणे

बहुतेक संचांत पायाचे सांधे खाचा आणि खुंट्यांच्या साहाय्याने ठरावीक कोनात बसतात. टेकलेला पाय शक्यतो संचाप्रमाणेच जोडावा, म्हणजे मूळची मजबुती टिकते. कापायचा तो उचललेला पाय. आधी दोन्ही पाय आणि कक्ष ब्लू-टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट पुटीने) तात्पुरते जोडून, समोरून आणि बाजूने छायाचित्रे काढून, त्यांवर नवे कोन पेन्सिलीने आखावेत. मग सांध्याच्या चकतीला धक्का न लावता, चकती आणि दांडा यांच्या मधोमध करवत चालवावी. करवतीच्या पात्याच्या जाडीइतके प्लास्टिक नाहीसे होते; तेवढ्या जाडीचा प्लास्टिकार्डचा तुकडा नंतर घालावा लागतो, नाहीतर एक पाय आखूड होतो.

कापलेल्या दोन्ही तोंडांत १ मिमीचे भोक पाडून पेपरक्लिपच्या तारेची पिन बसवावी. भोके समोरासमोर येण्यासाठी एका बाजूच्या पिनेच्या टोकाला ओला रंग लावून ती दुसऱ्या तोंडावर दाबावी, आणि उमटलेल्या ठिपक्यावर ड्रिल धरावे. पिन दोन्हीकडे किमान ४ मिमी आत गेली पाहिजे. कोन पक्का झाल्यावर फट लगद्याने भरावी आणि एक पूर्ण दिवस वाळू द्यावी. टेकलेल्या पावलातून एक लांब पिन खाली काढून ठेवावी, कारण सगळे यंत्र शेवटी याच पिनेवर बैठकीत रोवले जाणार आहे.

आता सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. सांध्याचा कोन बदलला की त्याला जोडलेल्या हायड्रॉलिक दट्ट्याची लांबीही बदलते. सांधा मिटला की त्याच्या आतल्या अंगाचा दट्ट्या आखूड होतो, बाहेरच्या अंगाचा लांबतो. संचातला दट्ट्या तसाच ठेवला, तर तो हवेत संपतो किंवा मांडीच्या पत्र्यात घुसतो. म्हणून जुना दट्ट्या पूर्ण कापून काढावा आणि नवा घडवावा. बाहेरच्या नळकांड्यासाठी कापूस काढलेल्या इअरबडची पोकळ काडी किंवा बॉलपेनची रिकामी रिफिल चालते. आतल्या दांड्यासाठी तीत बसेल अशी सरळ तार घ्यावी. दोन्ही टोकांना स्टायरीनच्या दांडीची छोटी चकती लावून ती खिळीसारखी दाखवावी. दट्ट्याची मध्यरेषा दोन्ही खिळींच्या केंद्रांतून गेली पाहिजे. एवढे एक काम मनापासून केले तरी पाय खरोखर हलत असावा असा भास होतो, म्हणून संपूर्ण रूपांतरातला सर्वाधिक वेळ मी येथे द्यायला सांगेन.

इंधनाच्या आणि तेलाच्या नळ्यांसाठी गिटारची जाड, तार गुंडाळलेली तार घ्यावी. तिच्यावरचे वेटोळे धातूच्या वेष्टनासारखे दिसतात. नळी सांध्यावरून जाताना थोडी सैल ठेवावी, कारण पाय सरळ झाल्यावर तिला लांबी लागणार असते.

रुंद पावले, बंद कक्ष आणि मागचा तोल

पावलाची बाह्यरेषा १ मिमी प्लास्टिकार्डवर आखून, सर्व बाजूंनी ३ मिमी वाढवून पत्रा कापावा, त्याच्या कडा कानशीने तिरप्या कराव्यात आणि तो पावलाखाली चिकटवावा. वरून पावलापासून पत्र्याच्या कडेपर्यंत त्रिकोणी आधारपट्ट्या लावाव्यात. त्या नसतील तर एवढा रुंद पत्रा भाराखाली वाकेल, हे पाहणाऱ्याच्या डोळ्याला कळते. उचललेल्या पावलाचा तळ दिसणार असल्यामुळे त्यावर चिखलात पकड घेणाऱ्या आडव्या पट्ट्याही लावाव्यात.

कक्ष बंद करण्यासाठी थेट प्लास्टिक कापू नये. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद या कामाला उत्तम. कक्षाच्या पिंजऱ्यावर तो धरून, कापून, दुमडून, चिकटपट्टीने जोडून आधी पूर्ण आवरण कागदात तयार करावे. आकार मनासारखा झाला की आवरण उलगडून ०.५ मिमी प्लास्टिकार्डवर उतरवावे. प्लास्टिकार्ड आरपार कापण्याची गरज नसते. पट्टीच्या आधाराने दोन-तीन वेळा ओरखडा काढून वाकवले की ते सरळ रेषेत तुटते. पुढच्या पत्र्यावर आणखी एक १ मिमीचा थर द्यावा, म्हणजे समोरचे चिलखत जाड दिसेल. निरीक्षणाच्या फटी दोन पट्ट्यांमध्ये जागा सोडून कराव्यात. तयार पत्र्यात फट कोरणे कष्टाचे असते आणि ती क्वचितच सरळ येते. रिव्हेटसाठी ०.७५ मिमीच्या स्टायरीन दांडीच्या पातळ चकत्या कापून, सुईच्या टोकाने उचलून, सिमेंटच्या थेंबावर ठेवाव्यात. रिव्हेट सगळीकडे पेरू नयेत. जेथे पत्रा चौकटीला जोडला जातो तेथेच ते असतात. उरलेल्या जोडांवर ग्रीन स्टफची बारीक दोरी ठेवून चाकूच्या टोकाने जवळजवळ दाबत गेले की वेल्डिंगची शिवण तयार होते.

पुढे असा भार वाढल्यावर कक्षाच्या मागे विंच लावावी. शिवणयंत्राची रिकामी बॉबिन, तिच्यावर गुंडाळलेला पातळ विणीचा दोरा आणि दोन्ही बाजूंना प्लास्टिकार्डच्या तबकड्या एवढ्यात ती तयार होते. दोऱ्याचे केस उभे राहू नयेत म्हणून त्यावर पातळ केलेला फेविकॉल फिरवावा. विंचच्या दोन्ही अंगांना डबे ठेवावेत, पण ते पट्ट्याने किंवा कठड्याने बांधलेले दाखवावेत, कारण प्रत्येक पावलागणिक हादरणाऱ्या यंत्रावर मोकळा डबा टिकणार नाही.

शस्त्र बदलते ठेवायचे असेल तर ३ मिमी व्यासाचे निओडिमियम चुंबक वापरावेत. डिंक लावण्याआधी चुंबकाच्या वरच्या बाजूवर मार्करने खूण करावी, आणि सर्व शस्त्रांना एकाच दिशेचे ध्रुव द्यावेत. घरात लहान मूल असेल तर हे चुंबक कुलपात ठेवावेत. एकाहून अधिक गिळले गेल्यास ते आतड्याच्या भिंती चिमटून जीवघेणी इजा करतात.

प्रायमर

प्रायमर म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. रंगवण्यासाठी यंत्र चार गटांत सुटे ठेवावे: पाय, कक्ष, शस्त्र, आणि मागचा विंचचा संच. सर्व भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. रेझिनचा एखादा भाग असेल तर तो अधिक काळजीने धुवावा, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर त्यावर राहिलेला असतो.

स्प्रेचा डबा २० ते ३० सेंमी अंतरावरून, भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवत, छोट्या फटकाऱ्यांत फिरवावा. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत स्प्रेचा थर खरखरीत किंवा दुधाळ होतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात याउलट रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच हवेत वाळून भुकटीसारखा बसतो. पहिल्या ठिकाणी पावसाची उघडीप असलेली दुपार आणि दुसऱ्या ठिकाणी भल्या सकाळची वेळ निवडावी, किंवा सरळ कुंचल्याने लावायचा पॉलियुरेथेन प्रायमर घ्यावा. मोटारींच्या रंगाच्या दुकानात मिळणारे लॅकर प्रायमर पॉलिस्टायरीन वितळवू शकते, म्हणून ते वापरण्याआधी उरलेल्या चौकटीवर मारून पाहावे.

आधी सर्व बाजूंनी काळा थर द्यावा. तो वाळल्यावर वरून तिरका राखाडी, आणि शेवटी अगदी डोक्यावरून थोडा पांढरा मारावा. यामुळे कक्षाच्या खालचा भाग आणि मांड्यांची आतली बाजू आपोआप गडद राहते, आणि पायांवर काही तरी जड बसले आहे ही जाणीव रंगाला हात लावण्यापूर्वीच निर्माण होते.

मूळ रंग

पायांपासून सुरुवात करावी. सांधे, दट्टे आणि सापळा यांवर लेडबेल्चरसारखा गडद धातुरंग द्यावा, त्यावर न्युल्न ऑइलचा काळा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, फिरवावा, आणि वाळल्यावर फक्त कडांना पुन्हा धातुरंग लावावा. दट्ट्याचा आतला दांडा मात्र उजळ चंदेरी ठेवावा. तो प्रत्येक पावलाला नळकांड्यात सरकत असतो, त्यामुळे त्यावर गंज धरत नाही.

कक्षाला आणि पायांवरच्या पत्र्यांना गडद जैतुनी हिरवा रंग द्यावा. ॲक्रिलिक रंगात पाणी मिसळून दोन किंवा तीन पातळ थर द्यावेत. एका जाड थराने रिव्हेट बुजतात. आपल्या हवेत पॅलेटवरचा रंग लवकर सुकतो, म्हणून पसरट डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बटर पेपर अंथरावा; झाकण लावले की रंग दुसऱ्या दिवशीही वापरता येतो. मूळ हिरव्यात थोडा पिवळसर वाळूचा रंग मिसळून प्रत्येक पत्र्याचा वरचा तिसरा भाग उजळवावा, आणि कडांवर त्याहून फिकी रेषा ओढावी. वरच्या कडांची रेषा स्पष्ट, खालच्यांची पुसट. छलावरणाचे पट्टे हवे असतील, तर ब्लू-टॅकच्या बारीक वळ्या पत्र्यावर ठेवून मधली जागा रंगवावी.

चिन्हे लावण्याआधी तेवढ्या जागेवर चकाकीचे वार्निश द्यावे, कारण खरखरीत पृष्ठभागावर डिकॅलखाली (पाण्याने चिकटवायच्या छापील चिन्हाखाली) हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. मायक्रोसोल हे द्रावण लावले की डिकॅल मऊ होऊन रिव्हेटवर चपखल बसते. आपल्या कल्पनेतल्या पलटणीचा क्रमांक देवनागरी अंकांत हाताने रंगवायलाही काही हरकत नाही. ‘७’ आणि ‘४’ लांबूनही उठून दिसतात.

झीज आणि ओघळ

झिजेचा विचार करताना यंत्राला कोण, कोठे हात लावतो हे डोळ्यांपुढे आणावे. चालक ज्या कडीला धरून चढतो ती कडी, तो पाय ठेवतो ती पायरी, झाकणाची कड, विंचचा दोर घासतो तो पत्रा, आणि सर्वांत जास्त म्हणजे पावलांच्या कडा. तेथे रंग उडालेला दाखवावा आणि इतरत्र हात आवरता घ्यावा. फाटलेल्या स्पंजचा छोटा तुकडा चिमट्यात धरून राइनॉक्स हाइडसारख्या काळसर तपकिरी रंगात बुडवावा, बहुतेक रंग कागदावर टिपून टाकावा आणि मग हलके टेकवत जावे. मोठ्या टवक्यांच्या मध्यभागी धातुरंगाचा ठिपका आणि खालच्या कडेला फिक्या हिरव्याची केसासारखी रेषा दिली की रंगाच्या थराला जाडी येते. पावलांवर मात्र हेअरस्प्रेची पद्धत अधिक खरी दिसते: आधी गंजाचा रंग आणि वार्निश, त्यावर हेअरस्प्रेचे दोन थर, त्यावर हिरवा ॲक्रिलिक, आणि तो कोरडा होताच पाणी लावून ताठ कुंचल्याने घासणे. हे काम त्याच दिवशी उरकावे, कारण ॲक्रिलिक पुरता मुरल्यावर निघत नाही.

यानंतर सर्व भागांवर वार्निशचा एक थर देऊन तैलरंगांकडे वळावे. कॅमलच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून, बारीक कुंचल्याने पत्र्यांच्या सांध्यांत आणि रिव्हेटभोवती टेकवावा. तो आपसूक खाचेतून पसरतो. जास्त झालेला रंग अर्ध्या तासाने स्वच्छ टर्पेंटाइनच्या ओलसर कुंचल्याने टिपून घ्यावा. लॅकर थिनर येथे चुकूनही वापरू नये, कारण तो खालचे सगळे थर उचलून आणतो. टर्पेंटाइनही उघड्या पॉलिस्टायरीनवर साचले, तर ताण असलेल्या जागी प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकते. वॉकरचे सांधे म्हणजे नेमक्या अशाच जागा, म्हणून त्यांवर रंगाचा अखंड थर आहे ना, हे आधी पाहावे. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

ओघळांसाठी पत्र्याच्या वरच्या कडेला तैलरंगाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवून सपाट, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने खाली ओढावा. येथे भाराची दिशा पुन्हा आठवावी. कक्षावरचे पावसाचे ओघळ सरळ खाली येतात. उचललेल्या पायावरचे जुने ओघळ मात्र तो पाय टेकलेला असताना पडलेले असतात, म्हणून ते त्या पायाच्या लांबीच्या दिशेने जातात. आता पाय तिरका असला, तर तेही तिरके दिसले पाहिजेत. सांध्यांजवळ काळा आणि तपकिरी तैलरंग मिसळून वंगणाचे डाग द्यावेत आणि शेवटच्या वार्निशनंतर त्यांवर चकाकीचा थेंब ठेवावा.

बैठक आणि चिखल

मी या यंत्रासाठी जांभ्याची लाल माती निवडतो. गडद हिरव्या यंत्राखाली ती उठून दिसते, आणि कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात पाणी साचल्यावर तिचा रंग ओला आणि कोरडा कसा बदलतो, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलेले असते. माती चहाच्या गाळणीने चाळून, जुन्या तव्यावर भाजून घ्यावी म्हणजे नंतर बुरशी येत नाही. बैठकीवर एम-सीलने उंचसखल जमीन घडवावी. माती, फेविकॉल, थोडे प्लास्टर आणि तपकिरी ॲक्रिलिक यांचा घट्ट लगदा करून तो ४ ते ५ मिमी जाडीने पसरावा. पावलाच्या तळाला व्हॅसलिन लावून, लगदा ओला असतानाच टेकलेल्या पायाची जागा दाबून घ्यावी, पिनेचे भोक पाडावे, आणि मागे एका पावलाच्या अंतरावर आणखी एक ठसा उमटवावा. ठशाभोवती चिखल वर उचललेला दिसला पाहिजे. हा उचललेला काठ नसेल तर यंत्र जमिनीवर ठेवल्यासारखे दिसते, आणि असेल तर ते जमिनीत रुतलेले दिसते. तळावरचे व्हॅसलिन नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन काढावे, नाहीतर त्यावर डिंक आणि चिखल धरणार नाही.

पायांवरचा चिखल तीन पातळ्यांवर लावावा. मांडीपर्यंत उडालेले जुने, वाळलेले शिंतोडे फिके आणि निस्तेज असावेत. ते कुंचल्याच्या केसांवर फुंकर मारून किंवा टूथपिकने केस मागे ओढून उडवावेत. नडगीवर गडद आणि जाड चिखल लावावा, तोही पावलाने जो वर उडवला असता तेथे, म्हणजे मुख्यतः मागच्या आणि आतल्या बाजूला. पावलावर बैठकीसाठी केलेलाच लगदा वापरावा, म्हणजे दोन्हींचा रंग जुळतो. उचललेल्या पावलाच्या तळाला चिखलाची एक-दोन टोके खाली ओढलेली दाखवावीत. मागच्या ठशात पारदर्शक रेझिनचे पाणी भरावे, एका वेळी २ मिमीहून जास्त नाही.

शेवटची जोडणी

निस्तेज वार्निशचा अंतिम थर सुट्या भागांवर आणि कोरड्या दिवशीच द्यावा. दमट हवेत त्यावरही पांढरट धुके बसते. तो वाळल्यावर चकाकीचे वार्निश फक्त भिंगांना, वंगणाच्या डागांना आणि ताज्या चिखलाला लावावे. त्यानंतर टेकलेला पाय पिनेसह बैठकीत डिंकाने रोवावा, त्यावर कक्ष ठेवून ओळंबा शेवटचा एकदा सोडून पाहावा, आणि दोरा जागेवर आला की मगच सिमेंट लावावे. सिमेंट धरण्यासाठी दोन्ही तोंडांवरचा रंग आधी खरवडून काढायला विसरू नये. विंचचा संच आणि शस्त्र सर्वांत शेवटी जोडावे. बैठकीच्या तळाला दोन-तीन चुंबक चिकटवले की यंत्र चुंबक धरणाऱ्या लोखंडी पत्र्याच्या डब्यात उभेच नेता येते. पावसाळ्यात त्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावी आणि डबा बंद करण्यापूर्वी तैलरंगाला किमान आठवडाभर सुकू द्यावे.